इथे ठेवू नकोस

तिच्या नवऱ्याने उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. कुठल्याही इमारतीत गेला की तो आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा, वर-खाली एक फेरी होऊ द्यायचा आणि मगच हत्यारांची पिशवी उघडायचा. बरोबरीचे लोक हसायचे. डॉक्टर निदान नळी तरी लावतो, हा नुसताच कान लावतो, म्हणायचे. पण बिघाड बहुतेक वेळा त्याने सांगितला तिथेच निघायचा.

मग आजाराने त्याला गाठलं. सुरुवात बोटांपासून झाली. एक दिवस स्क्रू हातातून सटकला, मग पाना, आणि सहा महिन्यांत चहाचा कप. नसांचा आजार होता. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं, आणि यावर औषध नाही हेही त्याच दमात सांगून टाकलं. चार वर्षांत हात गेले, पाय गेले, मान गेली, जीभ गेली. श्वासासाठी तोंडावर मास्क आला, पलंगाशेजारी श्वासाचं यंत्र आलं. उरले डोळे आणि कान. कान मात्र पूर्वीइतकेच तिखट होते. जिन्यात कोण चढतंय हे तो पावलांवरून ओळखायचा.

अशा घरात कॉम्प्युटर म्हणजे काय असतो, हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. होता तो साधाच, मुलगी कॉलेजात असताना तिच्यासाठी घेतलेला. हॉस्पिटलच्या लोकांनी त्याच्या पडद्याखाली एक कॅमेरा बसवून दिला होता. पडद्यावर बाराखडी मांडलेली असायची. नवरा ज्या अक्षराकडे क्षणभर रोखून पाहील ते अक्षर उमटायचं, आणि शेवटी त्याने 'बोला' या चौकोनाकडे पाहिलं की कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचा. आवाज एका अनोळखी पुरुषाचा, सपाट, बातम्या सांगितल्यासारखा. तिने त्याचं नाव निवेदक ठेवलं होतं. "निवेदक आज फार बोलताहेत," असं ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने निवेदक उत्तर द्यायचे, "मास्तर, तुम्ही आपलं माप घ्या."

मास्तर म्हणजे ती. ती घरीच शिवणकाम करायची, नवं कमी आणि जुन्याची दुरुस्ती जास्त. कोट सैल करणं, पॅंट आखूड करणं, अस्तर बदलणं. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि वाफेची जड इस्त्री. मधलं दार सताड उघडं ठेवलेलं. ती काम करता करता बोलायची आणि आतून निवेदक बोलायचे. दिवस असा जायचा. सुखाचा म्हणवत नाही, पण जायचा.

पहिल्यांदा कॉम्प्युटर अडकला तो एका सकाळी. ती एका कोटाची कॉलर दाबून आत आली, तर पडदा उजळलेला आणि सगळं जिथल्या तिथे थिजलेलं. नवऱ्याचे डोळे अक्षरांवरून धावत होते आणि एकही अक्षर उमटत नव्हतं. तिने कळफलकावर बोटं मारून पाहिली. काही नाही. बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं. आत पंखा अर्धीएक गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, तेच.

"थांबा हं, करते मी," ती म्हणाली. पण काय करणार हे तिला माहीत नव्हतं. टाचणीपासून मशीनच्या तेलापर्यंत सगळं तिला उमगायचं, ही पेटी तेवढी कधी उमगली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली, त्याचा हात हातात घेतला आणि दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने सहज म्हणून तिने बटण दाबलं, तर गडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला.

"घाबरलीस का, मास्तर?" निवेदकांनी विचारलं.

"छे," ती म्हणाली.

"मी घाबरलो," निवेदक म्हणाले. त्या सपाट आवाजात ते वाक्य हवामानाच्या अंदाजासारखं वाटलं.

दोन दिवसांनी तेच झालं. मग एका दिवसात दोनदा. वेळ नाही, काळ नाही. कधी सकाळी, कधी दुपारी जेवण भरवून झाल्यावर. एकदा ती शेजारणीला बसवून बाजारात गेलेली असताना तीन तास सुरळीत चालला आणि ती घरात आल्यावर तासाभरात गप्प झाला. ती प्रत्येक वेळी मुलीला फोन लावायची. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. ती फोनवरून एकेक सांगायची आणि ही करायची. वायर काढ, पाच मिनिटं थांब, परत लाव. मागची धूळ उडव. पंख्यापुढे काही ठेवलंयस का बघ. वायर काढून झाली, धूळ उडवून झाली, पंख्यापुढे येणारा खिडकीचा पडदा पिन लावून बाजूला केला. कॉम्प्युटर त्याला वाटेल तेव्हा अडकायचा आणि वाटेल तेव्हाच सुरू व्हायचा.

आता तिला बाहेरच्या खोलीत काम सुचेना. चार टाके घातले की कान आत. निवेदक गप्प असले की ती उठून बघायला जायची. कधी तो नुसता डोळे मिटून पडलेला असायचा, आणि तिच्या धावत येण्याने दचकायचा. कधी खरंच अडकलेला असायचा. किती वेळापासून, ते कोण सांगणार? घशात लाळ साचली असेल, पाय अवघडला असेल, मास्क सरकला असेल. हाक मारायचं साधन तेवढं एकच होतं. एकदा ती आत आली तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत गेलं होतं. पायाची करंगळी चादरीत मुडपली होती, बस, इतकंच.

मुलीने एका फोनवर हळूच विषय काढला. म्हणाली, "आई, तिथे शुश्रूषा केंद्रात चोवीस तास माणसं असतात. दोन-दोन यंत्रं असतात. तू एकटी कुठवर पुरी पडशील?" तिने आवाज दाबून सांगितलं की तसलं काही बोलायचं नाही. हे बोलणं स्वयंपाकघरात झालं होतं, दार लावून. पण त्या कानांपुढे दाराची काय मातब्बरी. आणि एक गोष्ट मुलीलाही ठाऊक नव्हती. महिन्यापूर्वी, एका फार वाईट दिवशी, तिने स्वतःच त्या शुश्रूषा केंद्रात फोन करून जागा आहे का म्हणून विचारलं होतं. जागा होती. तिने फोन ठेवून दिला होता आणि दिवसभर नवऱ्याच्या नजरेला नजर दिली नव्हती.

शेवटी ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. दोन गल्ल्या सोडून होतं. चालवणारी बाई चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, कमी बोलणारी. तिने पेटी ठेवून जा म्हटलं. हिने सांगितलं, हा आमच्या घरातल्या माणसाचा आवाज आहे, फार दिवस ठेवता येणार नाही. बाईने पेन्सिल काढून तिच्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं काम बाजूला सारलं.

ते दोन दिवस त्यांनी जुन्या पद्धतीवर काढले. जीभ गेली तेव्हा हॉस्पिटलात शिकवली होती. ती वर्गांची पहिली अक्षरं म्हणायची, क, च, ट, त, प, य. हव्या त्या वर्गावर तो डोळे मिटायचा. मग त्या वर्गातली अक्षरं एकेक. काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या वगळायच्या, नाहीतर एका शब्दाला संध्याकाळ व्हायची. अर्थ आपण लावायचा. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. तेव्हा दोघं यात तरबेज होती. आता मोडलेली सवय परत लागेना. त्याने पाणी मागितलं आणि तिने पण ऐकलं, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. त्याचे डोळे लवकर थकत. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो काही मागेचना. तिला ते गप्प बसणं जास्त भयंकर वाटलं. हा असाच आत आत जात राहिला आणि आपण बाहेरून क, च, ट, त करत राहिलो तर? असला विचार मनात आला की ती उठून उगाच भांडी घासायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाली स्वतः पेटी घेऊन आली. तिने आतली धूळ साफ केली होती, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या होत्या, आत वीज पुरवणारा डबा नवा घातला होता. दोन दिवस रात्रंदिवस चालू ठेवला, म्हणाली, एकदाही अडकला नाही. जोडून दिला, कॅमेरा लावला, आणि नवऱ्याला "बोलून बघा" म्हणाली.

"उपकार झाले," निवेदक म्हणाले. दुरुस्तीवाली क्षणभर गोंधळली. आवाजाकडे बघावं की माणसाकडे, हे तिला कळेना. मग तिने माणसाकडे बघून मान हलवली आणि गेली.

"तिथे एकदाही अडकला नाही?" नवऱ्याने विचारलं.

"एकदाही नाही म्हणाली ती."

"तिथेही दिवसभर चालू होता?"

"हो म्हटलं ना. दोन दिवस, दोन रात्री. आता डोक्याला त्रास नको."

तो विचारात पडला. विचारात पडला की त्याची नजर पडद्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात जायची. ती समाधानाने बाहेर गेली. तीन दिवसांचं काम साचलं होतं. दुपारी एक गिऱ्हाईक दोन कोट न्यायला येणार होतं. तिने इस्त्री लावली आणि पहिला कोट टेबलावर पसरला. आतून निवेदकांचा आवाज आला नाही, पण तो लांबलचक काही जुळवत असेल असं तिला वाटलं. दुसऱ्या कोटाची पाठ दाबून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की फार वेळ झालाय.

इस्त्री उभी ठेवून ती आत गेली. पडदा थिजला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं,

इथे ठेवू नकोस. तिकडे

तिने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

त्याने ऐकलं होतं तर. मुलीचा फोन, कदाचित तिचा स्वतःचाही. आणि इतके दिवस गप्प राहून, दोन दिवस डोळे मिटून पडून, त्याने हे ठरवलं होतं. मला इथे ठेवू नकोस. पुढचं वाचायला काही नको होतं.

"अहो, असं काय लिहिता?" ती म्हणाली.

त्याने दोनदा डोळे मिटले. थांबून परत दोनदा. त्याचे डोळे एवढे मोठे झालेले तिने कधी पाहिले नव्हते.

तिने कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. पडद्यावरची अक्षरं गेली. पुन्हा सुरू करायला गेली तर पंख्याने या वेळी अर्धी गिरकीही घेतली नाही. नवा डबा, साफ केलेल्या पट्ट्या, सगळं होतं तसं होतं. मेल्यासारखा पडून. श्वासाच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकला आणि पिवळा झाला, मग परत हिरवा. तिचं तिकडे लक्ष गेलं, पण आत्ता त्याचा अर्थ लावायला तिचं चित्त जागेवर नव्हतं.

"बरं, अक्षरांनी सांगा," ती म्हणाली. पलंगाच्या कडेवर बसली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं. "क. च. ट. त. प."

प वर त्याने डोळे मिटले.

"प. फ. ब. भ."

भ.

"पुढे. क. च. ट. त." डोळे मिटले. "त?" हो.

भ, त. तिने आणखी विचारलंच नाही. तिच्या मनात तो शब्द आधीपासून बसलेलाच होता.

"भीती," ती म्हणाली. "भीती वाटते तुम्हाला."

आणि तिला रडू कोसळलं. चार वर्षं त्याच्यासमोर ती रडली नव्हती, ते सगळं एकदम आलं. त्याच्या छातीवर कपाळ टेकून ती बोलत सुटली. म्हणाली, मलाही वाटते, रोज वाटते, सकाळी डोळे उघडायच्या आधीपासून वाटते. म्हणाली, हा डबडा बंद पडला म्हणून मी तुम्हाला कुठे पाठवणार नाही, नवा आणू, दोन आणू. तिच्या कपाळाखाली त्याची छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. ती रडत होती आणि मौल्यवान मिनिटं जात होती, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच कळत होतं.

तिने डोकं वर केलं तेव्हा तो डोळे दोन-दोनदा मिटत होता. नाही. नाही. नाही. न थांबता.

"भीती नाही?"

नाही.

"मग काय? भ, त... मला दुसरं काही सुचत नाही हो."

त्याने मिटणं थांबवलं आणि बुबुळं वर नेली. इतकी वर की खाली पांढरं दिसू लागलं. तशीच ठेवली. मग एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर, आपल्याच डोक्याच्या मागे बघायचं असल्यासारखी.

तिला वाटलं, झटका आला. सगळं संपत चाललंय आणि कॉम्प्युटरच्या नादात आपण बघत बसलो. तिने मास्क चाचपला, यंत्राची नळी चाचपली. हवा येत होती. मग त्याला थोडं उचलून बसतं करावं म्हणून तिने डावा हात त्याच्या उशीमागे घातला. हाताची मागची बाजू पलंगामागे भिंतीवर ठोकलेल्या प्लायवूडला लागली आणि तिने चटका बसून हात मागे घेतला.

आयुष्यभर इस्त्रीशी खेळलेला हात होता तो. कापड तापलंय, करपायला आलंय की करपलंय, हे त्याला स्पर्शाने कळायचं. हे लाकूड करपायला आलं होतं.

"भिंत," ती म्हणाली.

त्याने डोळे एकदाच मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

त्यानंतर तिने जे केलं ते कुणी शिकवलं नव्हतं. ती दाराकडे धावली आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला. बाहेरच्या खोलीतला पंखा मंदावला. आत श्वासाचं यंत्र ओरडू लागलं. त्याला स्वतःची बॅटरी होती, दोन तास पुरेल असं सांगितलेलं होतं, आणि ती बॅटरी खरंच चालते की नाही हे आजवर कधी बघायची वेळ आली नव्हती. ती परत आली तेव्हा मास्क फुगत होता, बसत होता. चालत होती. तिने यंत्र पलंगावर त्याच्या पायांशी ठेवलं, चाकांचे ब्रेक पायाने उडवले आणि पलंग ओढला. एरवी तो हलवायला दोन माणसं लागायची. तिने तो एकटीने मधल्या दारातून बाहेरच्या खोलीत नेला, दाराची चौकट एका बाजूने खरवडत.

मग तिने खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला हाक मारली. तो बस चालवायचा, त्या दिवशी घरी होता. घरातली पहार आणि जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन तो तीन-तीन पायऱ्या टाकत वर आला. तोवर प्लायवूडच्या वरच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ निघू लागली होती, सावकाश, सुतासारखी. ड्रायव्हरने तिला बाजूला केलं आणि पहारेच्या एका हिसक्यात प्लायवूड भिंतीपासून उचकटलं. मागे हातभर जागा काळी होती. भिंतीतल्या विजेच्या डबीचं झाकण वितळून खाली लोंबत होतं आणि लाकडाच्या आतल्या अंगाला, बोटभर रुंदीत, लाल ठिणग्या चालल्या होत्या. ड्रायव्हरने सिलिंडरची पांढरी भुकटी तिथे रिकामी केली. खोलीत काही दिसेनासं झालं.

"अजून पाच मिनिटं गेली असती ना, वहिनी," तो खोकत म्हणाला. पलंगाचं डोकं अगदी त्या जागेला टेकलेलं असायचं.

वायरमन संध्याकाळपर्यंत भिंत खोदत होता. त्याने सगळं उलगडून सांगितलं. त्या डबीत एक जोड होता. तिथून एक वायर खोलीतल्या बोर्डाला आणि दुसरी भिंतीतून पलीकडे, इस्त्रीच्या बोर्डाला गेली होती. जोड सैल झाला होता. इस्त्री तापू लागली की तो तापायचा, इकडची वीज पडायची आणि कॉम्प्युटरला ती पुरायची नाही. श्वासाचं यंत्र आपली बॅटरी घेऊन निभावायचं म्हणून कुणाला कळलं नाही. इस्त्री बंद झाली, जोड निवला, की सगळं पूर्ववत. दुकानात अडकणार कसा? तिथे इस्त्री नव्हती.

ती ऐकत होती आणि मनात दिवस मागे मोजत होती. पहिला दिवस, कोटाची कॉलर. करंगळीचा दिवस, चार पॅंट. बाजाराहून आल्यावर लगेच इस्त्रीच लावली होती. प्रत्येक वेळी त्याचा आवाज तिनेच बंद केला होता. भिंतीच्या पलीकडे उभी राहून, वाफ सोडत.

"पण असा जोड दिला कुणी?" वायरमनने विचारलं. तिला माहीत नव्हतं.

समोरच्या भिंतीवर नवा बोर्ड लागला. कॉम्प्युटर तिकडे मांडला. तिने बटण दाबताना डोळे मिटून घेतले होते. पंखा फिरला, फिरतच राहिला. पलंग पुढे घेतला, कॅमेरा जुळवला.

मग निवेदक बोलले.

"जोड माझाच. तू काम सुरू केलंस त्या वर्षी. एका सुट्टीत घाईने दिला होता. वर प्लायवूड ठोकलं आणि विसरलो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"आज. आधी शंका आली, म्हणून लिहायला घेतलं. इथे ठेवू नकोस. तिकडे दुसऱ्या बोर्डाला लाव. कॉम्प्युटरबद्दल होतं ते. मग बंद पडला. मग भिंतीत चरचर ऐकू आली. डोक्याच्या मागे. तू रडत होतीस तेव्हाही येत होती."

तिने भिंतीतल्या काळ्या जागेकडे पाहिलं.

"भूत म्हणाली नाहीस, एवढं बरं," निवेदक म्हणाले. "भ, त. तेही बसलं असतं."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच भीती वाटली, कारण आता ती गोष्ट सांगावीच लागणार होती. तिने खुर्ची जवळ ओढली. मी ते वाचून काय समजले ते सांगते, म्हणाली, आणि सांगितलं. केंद्राचा विषय, मुलीचा फोन. इथवर आल्यावर थांबता आलं असतं. ती थांबली नाही. एकदा मीही फोन केला होता, म्हणाली. जागा आहे का विचारलं होतं.

त्याच्या डोळ्यांनी अक्षरं शोधायला सुरुवात केली. एरवी ती पडद्यावर उमटणारे शब्द वाचून त्याच्या आधीच वाक्य पुरं करायची. आज तिने पडद्याकडे पाठ केली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. फार वेळ लागला.

"माहीत होतं," निवेदक म्हणाले. "मी वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून. आणि मला खरंच भीती वाटते. ते तू बरोबर वाचलंस."

"काय करायचं मग?"

"आज नको ठरवायला."

तिने मान हलवली. खोलीत जळक्या लाकडाचा वास होता. उघड्या भिंतीतून विटा दिसत होत्या. बाहेर टेबलावर तो दुसरा कोट तसाच पसरलेला होता आणि त्याचं गिऱ्हाईक केव्हाच येऊन, जिन्यातला गोंधळ बघून, परत गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. रोज सकाळी अर्धा तास कॉम्प्युटर बंद. ती म्हणायची क, च, ट, त, प, आणि आता काना-मात्रा-वेलांट्याही म्हणायची, कितीही वेळ लागला तरी. पहिल्या आठवड्यात एक वाक्य पुरं करायला त्यांना वीस मिनिटं लागली. शब्द अर्ध्यावर आला की तो काय असेल ते तिच्या ओठांवर यायचं. ती ओठ दाबून धरायची, आणि पुढचं अक्षर विचारायची.